सत्तर वर्षांचा हिशेब आणि अनाथोथचं शेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पश्चिम आशियात युद्ध पेटलं की आपल्याकडे दोन-तीन दिवसांत बायबलमधली वचनं मोबाइलवर फिरायला लागतात. यहेज्केलाचा अडतिसावा अध्याय, जखऱ्याचा चौदावा, यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायातलं एका दिवसात राष्ट्र जन्मण्याविषयीचं वचन, खाली क्षेपणास्त्राचा फोटो आणि वर ‘हे सगळं आधीच लिहून ठेवलंय’ अशी ओळ. वाचकांच्या पत्रांतही हा सूर उमटतो. त्याला उत्तर देणारे या सगळ्याला थोतांड म्हणून मोकळे होतात. वाद घालणाऱ्या दोघांनीही मूळ अध्याय सलग वाचलेला नसतो. जुन्या कराराचे अभ्यासवर्ग घेणारे म्हणून आम्हाला हे सहन होत नाही. इस्राएलचा न्याय आणि त्याची पुनःस्थापना हा विषय बायबलच्या पाठीचा कणा आहे. तो अर्ध्या वचनांवर निभावण्यासारखा नाही.

सुरुवात देव आणि इस्राएल यांच्यातल्या कराराच्या कागदापासून करायला हवी. अनुवाद या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात करार पाळला तर काय आणि मोडला तर काय, हे सविस्तर दिलं आहे. मोडला तर दुष्काळ, वेढा, परक्या देशात हाकलून नेलं जाणं. ३०व्या अध्यायात लगेच पुढचं कलम आहे: तिथे, त्या परक्या देशात, मन वळवलंत तर पृथ्वीच्या टोकापासूनही परत आणीन. पुढचे सगळे संदेष्टे या कराराचा तगादा घेऊन उभे राहिलेले आहेत. ते पुढचं सांगतात, पण त्यांचा पहिला प्रश्न असतो आजच्या वागणुकीबद्दल.

आमोस पाहा. हा तकोवाचा मेंढपाळ, दक्षिणेच्या यहूदा राज्यातला. बोलायला गेला उत्तरेच्या इस्राएल राज्यात बेथेलला, इ.स.पू. ७६०च्या सुमारास. दुसरा यराबाम राजा, राज्य भरभराटीत. आमोसाने आधी शेजाऱ्यांची नावं घेतली: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश झाले असतील. सातवं नाव यहूदाचं निघालं, आणि आठवं त्यांचं स्वतःचं. आरोपही मोघम नाहीत. जोड्याच्या जोडीसाठी गरिबाला विकता, गहाण घेतलेल्या कपड्यावर वेदीशेजारी लोळता, धान्याचं माप लहान आणि चांदी तोलायचं वजन जड ठेवता, गव्हात भुसकट मिसळून विकता. हस्तिदंती घरांचा आणि हस्तिदंती पलंगांचा त्याने तिरस्काराने उल्लेख केला आहे. उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन, तिच्या उत्खननात १९३०च्या दशकात हस्तिदंती नक्षीचे शेकडो तुकडे निघाले. राज्य टिकलं ते जेमतेम चाळीस वर्षं. इ.स.पू. ७२२मध्ये शोमरोन अश्शूरच्या हाती पडलं आणि सारगोन राजाच्या शिलालेखात तिथून नेलेल्या माणसांचा आकडा आहे २७,२९०. पण आमोसाच्या पुस्तकाची शेवटची पाच वचनं पडलेला मंडप पुन्हा उभारण्याची आणि मोडलेली नगरं पुन्हा वसवण्याची आहेत. धमकी आणि वचन एकाच गुंडाळीत आहे. एकाला सोडून दुसरं उचललं की अर्थ बिघडतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. भाकिताला अट असते, आणि ती लिहिलेली नसली तरी धरलेली असते. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात कुंभाराच्या चाकाजवळ हा नियमच सांगितला आहे. ज्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हटलं ते वळलं तर मीही वळेन, आणि ज्याला लावीन म्हटलं ते बिघडलं तर तेही वचन परत घेईन. याचं प्रत्यक्ष उदाहरण यिर्मया २६मध्ये आहे. मंदिर ओसाड पडेल असं बोलल्याबद्दल यिर्मयावर मरणदंडाची मागणी झाली, तेव्हा देशाच्या वडीलधाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या मीखा संदेष्ट्याचं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं: सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल. मग विचारलं, हिज्कीया राजाने मीखाला मारलं का? राजाने परमेश्वराची विनवणी केली आणि ते अरिष्ट टळलं. मीखा खोटा ठरला असं त्यांच्यापैकी कुणीही म्हणालं नाही. टळलेलं भाकीत हे त्यांच्या लेखी यशस्वी भाकीत होतं. आज ‘खरं ठरलं की नाही’ एवढ्याच कसोटीवर वाद घालणाऱ्यांनी हा अध्याय आधी वाचावा.

यिर्मया वाचताना मात्र एक अडचण येते, आणि अनेक जण तिथेच पुस्तक मिटतात. त्यातले अध्याय काळाच्या क्रमाने नाहीत. २५वा अध्याय इ.स.पू. ६०५चा, २६वा त्याआधीचा म्हणजे ६०९च्या सुमाराचा, २८वा ५९४च्या आसपासचा, ३२वा ५८७च्या वेढ्यातला आणि ३६वा पुन्हा मागे यहोयाकीम राजाच्या काळात. उपाय सोपा आहे. प्रत्येक अध्यायाच्या पहिल्या दोन-तीन वचनांत राजाचं नाव आणि त्याच्या कारकिर्दीचं वर्ष बहुधा असतं. ते पाहून समासात पेन्सिलीने साल लिहावं. योशीया, यहोयाकीम, यहोयाखीन, सिद्कीया ही चार नावं आणि ६०९, ६०५, ५९७, ५८६ ही चार सालं हाताशी असली की निम्मा गोंधळ संपतो. (यरुशलेमच्या नाशाचं साल काही अभ्यासक ५८७ धरतात. राजाचं वर्ष कोणत्या महिन्यापासून मोजायचं यावर ते अवलंबून आहे.)

आता शेवटच्या वेढ्याकडे येऊ. न्याय का आणि कसा येतो हे इथे सगळ्यात जवळून दिसतं. बाबेलचं सैन्य यरुशलेमभोवती बसलं तेव्हा सिद्कीया राजाने आणि सरदारांनी मंदिरात करार करून इब्री दास-दासींना मुक्त केलं. सातव्या वर्षी दासाला सोडायचं हा नियमशास्त्राचा कायदाच होता. तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला नव्हता. मग मिसरचं (इजिप्तचं) सैन्य निघाल्याची बातमी आली, बाबेलने तात्पुरता वेढा उठवला, आणि धोका टळला असं वाटताच मालकांनी सोडलेल्या माणसांना पुन्हा पकडून दास केलं. यिर्मया ३४मध्ये याच कृत्यावर निकाल आहे. तुम्ही भावाला मोकळं केलं नाहीत, मी तुम्हाला तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्यासाठी मोकळं करतो. याच अध्यायात एक साधी लष्करी नोंद आहे: यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. १९३५ साली लाखीशच्या वेशीजवळच्या खोलीत खापरांवर शाईने लिहिलेल्या लष्करी चिठ्ठ्या सापडल्या. त्यातल्या चौथ्या चिठ्ठीत खालचा अधिकारी वरच्याला कळवतो की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. अजेका पडलं म्हणून की दुसऱ्या काही कारणाने दिसत नव्हतं, हे खापर सांगत नाही. पण ही दोन नावं त्या धामधुमीच्या काळात सैनिकांच्या तोंडी कशी होती ते त्यातून कळतं.

या वेढ्यात यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैद होता. तेव्हा त्याचा चुलतभाऊ हनामेल तुरुंगात आला आणि म्हणाला, अनाथोथमधलं माझं शेत तू घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या ईशान्येला अवघ्या चार-पाच किलोमीटरवर. म्हणजे वेढ्याबाहेर, जिथे शत्रूची छावणी फिरते आहे तिथलं शेत. यिर्मयाने ते १७ शेकेल चांदी देऊन घेतलं. शेकेल साधारण ११.४ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या तोळ्याच्या जवळपास. सतरा तोळ्यांना थोडी कमी चांदी. खरेदीचे टप्पे ३२व्या अध्यायात एखाद्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावेत तसे दिले आहेत. खत लिहिलं, मोहोर केली, साक्षीदार घेतले, चांदी तराजूत तोलली, मग मोहोरबंद प्रत आणि उघडी प्रत अशा दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती साक्षीदारांसमोर दिल्या आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितलं. दोन प्रती कशासाठी? उघडी वाचायला, बंद वादाच्या वेळी मोहोर फोडून ताडून पाहायला. यहुदी वाळवंटातल्या गुहांमध्ये नंतरच्या शतकांतली अशी दुहेरी खतं प्रत्यक्ष मिळाली आहेत. यिर्मयाच्या काळच्या मोहोरा उमटवलेले मातीचे गोळेही मिळालेत. १९८२मध्ये यरुशलेमच्या जुन्या दावीदनगरात सापडलेल्या गोळ्यांपैकी एकावर शाफानाचा मुलगा गमऱ्या हे नाव आहे, आणि यिर्मया ३६मधला चिटणीस त्याच नावाचा, त्याच बापाचा आहे.

पुनःस्थापनेचं वचन हे असं आलं: ‘या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.’ नगर पडणार हे यिर्मया आदल्या दिवशीपर्यंत सांगत होता आणि पडल्यावरही ते त्याने नाकारलं नाही. आशा त्याने न्यायाच्या पलीकडे ठेवली, न्यायाला वळसा घालून नाही. याच्या उलट हनन्या. २८व्या अध्यायात या संदेष्ट्याने यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडून जाहीर केलं की दोन वर्षांत पाडाव झालेले सगळे आणि मंदिराची पात्रं परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. तो पाचव्या महिन्यात बोलला आणि सातव्या महिन्यात मेला. दोन वर्षांची गोड तारीख देणारा हनन्या खोटा आणि सत्तर वर्षांची कडू मुदत देणारा यिर्मया खरा, हे आज तारखा वाटणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

त्या सत्तर वर्षांचा हिशेब सगळीकडे चुकीचा सांगितला जातो, म्हणून तो इथे मांडतो. यिर्मया २५:१२ म्हणतं, सत्तर वर्षं भरल्यावर बाबेलच्या राजाला शिक्षा करीन. २९:१० म्हणतं, बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर तुमची भेट घेईन. दोन्हीकडे मुदत बाबेलच्या सत्तेची आहे. अश्शूरचा शेवटचा राजा ६०९मध्ये हारानला संपला, बाबेल ५३९च्या ऑक्टोबरमध्ये पारसच्या (इराणच्या) कोरेश (सायरस) राजाच्या हाती पडलं. ६०९ ते ५३९, सत्तर. दुसरी मोजणी मंदिराची: ५८६मध्ये जळलं, पारसचा राजा दारयावेश याच्या सहाव्या वर्षी म्हणजे ५१५च्या वसंतात नवं पुरं झालं, पुन्हा सुमारे सत्तर. जखऱ्याच्या पहिल्या अध्यायात देवदूत सत्तर वर्षांचा उल्लेख करतो तो या दुसऱ्या मोजणीच्या अंगाने. आणि बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याची पहिली मोहीम ६०५पासून धरली तर यहुद्यांना परत जाऊ देणाऱ्या कोरेशाच्या ५३८च्या फर्मानापर्यंत ६७ होतात. आम्हाला पहिली मोजणी पटते, कारण ती वाक्याच्या कर्त्याला धरून आहे. पण मुद्दा त्याहून मोठा आहे. सत्तर म्हणजे स्तोत्र ९०प्रमाणे माणसाचं आयुष्य. यिर्मयाने बाबेलमधल्या लोकांना पत्रातून कळवलं ते हे की आज गेलेला प्रौढ माणूस परत येणार नाही, त्याचा नातू येईल. म्हणून घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या नगरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी! भाकिताचा उपयोग लोकांनी आज कसं जगावं हे ठरवायला झाला.

त्या बंदिवासाची कागदपत्रंही मातीत टिकली. बाबेलच्या राजवाड्यात सापडलेल्या शिधावाटपाच्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. कोरेशाची मातीची नळकांडी, जी १८७९मध्ये बाबेलच्या अवशेषांत मिळाली, ती २०१३-१४च्या हिवाळ्यात मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनाला आली होती आणि आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. तिच्याबद्दल एक खबरदारी घ्यावी. तिच्यावर यहुद्यांचं किंवा यरुशलेमचं नाव नाही. बाबेलच्या मर्दुक देवाने कोरेशाला निवडलं आणि त्याने निरनिराळ्या नगरांतले देव व माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवली, एवढंच तिच्यावर आहे. एज्राच्या पुस्तकातलं फर्मान या धोरणात चपखल बसतं, पण ‘बायबलचं वाक्य दगडावर मिळालं’ असं सांगणं खोटं आहे. खऱ्या गोष्टीला खोट्या टेकूची गरज नसते.

परत आले किती? एज्रा २मध्ये ४२,३६० माणसं आणि शिवाय ७,३३७ दासदासी. राहिलेले बरेच बाबेलमध्येच राहिले. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले, तरुण जल्लोष करत होते, आणि दोन्ही आवाज वेगळे ओळखू येईनात असं एज्रा ३ सांगतं. पुढे नहेम्याच्या वेळी, इ.स.पू. ४४५नंतर, परत आलेल्यांपैकी सधन लोक गरीब भावांची शेतं गहाण घेऊन, शेकडा एक व्याज लावून, त्यांच्या मुलांना दास करत होते. आमोस आणि यिर्मया ज्यावर बोलले होते तेच. म्हणून पुनःस्थापना झाली आणि झालीही नाही. मलाखीपर्यंतचे सगळे संदेष्टे या अर्धवटपणातून पुढे पाहतात. यिर्मया ३१चा नवा करार आणि यहेज्केल ३६चं दगडाच्या जागी मांसाचं हृदय, ही वचनं त्यामुळेच महत्त्वाची आहेत. नुसती जमीन परत मिळून भागत नाही हे इतिहासानेच दाखवलं होतं.

आता गणिताकडे, कारण फिरणाऱ्या संदेशांत सर्वांत छाप पाडतं ते हेच. इस्रायल राज्य स्थापन झालं त्या १९४८ सालाचं एक गणित असं असतं: यहेज्केल ४मध्ये ३९० आणि ४० असे ४३० दिवस, एका दिवसाला एक वर्ष. त्यातून बाबेलची ७० वजा, उरली ३६०. लेवीय २६मध्ये न वळल्यास सातपट शिक्षा आहे, म्हणून गुणिले सात, २,५२०. वर्ष ३६० दिवसांचं धरून ९,०७,२०० दिवस. ते ३६५.२४ने भागले की सुमारे २,४८३.८ सौर वर्षं. इ.स.पू. ५३६पासून मोजा, १९४८ येतं. वाचणारा थक्क होतो. प्रत्येक पायरी तपासून पाहा. ४३०मधून ७० वजा करा असं यहेज्केल कुठेही म्हणत नाही. लेवीयातलं ‘सातपट’ शिक्षेच्या तीव्रतेबद्दल आहे, आणि ते त्या अध्यायात चार वेळा येतं. मग एकदाच का गुणायचं? ३९० हा आकडा हिब्रू प्रतीतला आहे, प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे १९० आहे. ३६० दिवसांचं वर्ष यहुदी लोक वापरत नव्हते. त्यांचे महिने चांद्र, वर्ष ३५४ दिवसांचं, आणि वल्हांडणाचा सण वसंतातच यावा म्हणून आपल्या अधिक मासासारखा तेरावा महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेत. प्रकटीकरणात ४२ महिन्यांना १,२६० दिवस धरले आहेत, तिथून हे ३६० उचललं आहे. आणि आरंभ ५३६ का? फर्मान ५३८चं. तिथून मोजलं तर उत्तर १९४६च्या आसपास संपतं. उत्तर आधी ठरवून आरंभ दोन वर्षं पुढे सरकवला आहे, हे इथे उघडं पडतं.

याच २,५२०चा जुना वापर वर्ष न बदलता, सरळ सौर वर्षं धरून झाला होता: ६०६पासून १९१४. त्यात दोन चुका होत्या. इ.स.पू. १नंतर लगेच इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही, त्यामुळे बेरीज एकाने चुकली. ती सावरायला आरंभ ६०७वर नेला गेला. पण यरुशलेमचा नाश ६०७मध्ये झालाच नव्हता. बाबेलच्या बखरीच्या पाट्या आणि खगोल नोंदी नबुखद्नेस्सराची कारकीर्द पक्की करतात आणि त्या ५८७-५८६वर आणून सोडतात. १९४८मध्ये ४० वर्षांची ‘एक पिढी’ मिळवून १९८८चीही वाट पाहिली गेली. ते वर्ष आलं आणि गेलं. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही हे येशूचं वचन मत्तय २४मध्येच, अंजिराच्या झाडाच्या दाखल्यापासून चार वचनांवर आहे. प्रत्येक फसलेल्या तारखेनंतर श्रद्धावान माणूस खचतो, तरुण मंडळी सोडून जातात. म्हणून हा प्रश्न आम्हाला नुसता अभ्यासाचा वाटत नाही.

यहेज्केल ३८च्या नकाशांबद्दल थोडक्यात. मागोगचा गोग, मेशेख, तुबाल यांत रशिया आणि मॉस्को शोधले जातात. मेशेख आणि तुबाल अश्शूरच्या राजांच्या नोंदींत मुश्की आणि तबाल म्हणून येतात आणि ते आजच्या तुर्कस्तानच्या भूमीवर होते. मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख इ.स. ११४७चा आहे. चौथ्या शतकात गोग म्हणजे गॉथ टोळ्या, सोळाव्यात तुर्क, विसाव्यात सोव्हिएत संघ. ज्या काळात ज्याची भीती त्याचं नाव तिथे बसलं. आणि हा अध्याय वाचणारे ४७व्यापर्यंत क्वचित पोचतात. तिथे पुनःस्थापित देशाच्या वाटणीचा नियम आहे: तुमच्यामध्ये राहणाऱ्या आणि ज्यांना तिथे मुलं झाली अशा परदेशीयांनाही इस्राएलच्या वंशांबरोबर वतन द्या, ज्या वंशात तो राहतो तिथेच त्याचा वाटा. पुनःस्थापनेचा नकाशा दाखवायचा असेल तर ही दोन वचनं वगळून दाखवता येणार नाही.

आजच्या इस्रायल राज्याबद्दल ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. एकोणिसाव्या शतकापासून एक प्रवाह १९४८ला भाकिताची थेट पूर्ती मानतो. दुसरा ही वचनं ख्रिस्तात आणि त्याच्या मंडळीत पूर्ण झाली असं मानतो. यहुद्यांतही काही जण त्या राज्याला मुक्तीचा पहिला अंकुर म्हणतात, तर काही कर्मठ गट मशीहा येण्याआधीचं राज्य नाकारतात. आमचं मत असं की पौल रोमकरांस पत्र ११मध्ये म्हणतो त्याप्रमाणे देवाची देणगी आणि पाचारण मागे घेतलं जात नाही, इस्राएलसाठीचं वचन उभं आहे. पण कोणत्याही सरकारच्या प्रत्येक कृतीवर त्या वचनाचा शिक्का मारायचा अधिकार आपल्याला नाही. स्वतःच्या राजाला तोंडावर बोलणाऱ्या यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत उतरवलं होतं, हे विसरून संदेष्ट्यांची नावं घेऊ नयेत. तितकीच गंभीर चूक उलट्या बाजूची आहे. न्यायाची वचनं उचलून ‘यहुदी शापितच आहेत’ असं म्हणणं. युरोपात शतकानुशतकं हे झालं. आशीर्वाद स्वतःकडे घेतले आणि त्याच अध्यायातले शाप त्यांच्या दारात ठेवले, आणि त्याचे परिणाम जगाने पाहिले. संदेष्टे घरचे होते, घरच्यांवर रागावत होते. परक्याने ते शब्द हत्यार म्हणून वापरू नयेत. कलम केलेल्या रानटी फांदीने मूळ फांद्यांवर तोरा मिरवू नये, हा इशारा पौलाने त्याच अध्यायात बिगरयहुद्यांना दिला आहे.

महाराष्ट्रात तर हे अधिकच जपायला हवं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाने, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, तेल गाळता गाळता ही आशा मराठीत सांभाळली. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत ही त्यांची परंपरा. परमेश्वराच्या दिवसाआधी एलिया येईल हे मलाखीचं शेवटचं वचन त्यांच्या घरात मलिद्याच्या विधीत जिवंत राहिलं. पोहे, खोबरं, गूळ किंवा साखर आणि फळं मांडून एलियाहू हनाबीचं नाव घेतलं जातं, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवली जाते. त्यांच्या वचनांवर बोलताना ते आपले शेजारी होते आणि आहेत याचं भान असावं.

ज्यांना हा विषय खरोखर अभ्यासायचा आहे त्यांनी दानीएल आणि प्रकटीकरण यांपासून सुरुवात करू नये. प्रतीकांची पुस्तकं आधी घेतली की तक्ते काढण्यातच वेळ जातो. आधी अनुवाद २८ ते ३०, मग २ राजे १७ आणि २४-२५, मग आमोस पूर्ण, होशेयाचे पहिले तीन अध्याय, यिर्मया २५ ते ३४, यहेज्केल ३३ ते ३७ आणि ४७, त्यानंतर एज्रा १ ते ६, हाग्गय, नहेम्या ५, आणि शेवटी रोमकरांस ९ ते ११. आठवड्याला एक बैठक धरली तर अडीच-तीन महिने लागतात. प्रत्येक भाकितासाठी वहीत कोण बोलतो, कोणत्या राजाच्या कितव्या वर्षी, कुणाला, कोणत्या अपराधाबद्दल, अट काय आणि बायबलमध्येच ते वचन पुढे कुठे आठवलं गेलं, एवढं लिहावं. शेवटचा रकाना सर्वांत कामाचा. मीखाचं वचन यिर्मयात, यिर्मयाची सत्तर वर्षं दानीएल ९ आणि २ इतिहास ३६मध्ये, अनुवाद ३० नहेम्याच्या प्रार्थनेत. जुन्यांनी ती कशी वाचली ते कळलं की आपल्या वाचनाला वळण लागतं. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले आणि वचनांचे सोळाव्यातले आहेत, तेव्हा अध्याय संपला म्हणून थांबू नये. वचनांवरची ठळक शीर्षकं तर छापणाऱ्यांनी घातलेली असतात.

संपादक महाशय, आपल्याकडे एक विनंती आहे. या विषयावरची पत्रं जरूर छापा. फक्त पत्रात बायबलचं वचन असेल तर अध्याय आणि वचनाचा आकडा मागा, तो संदेश कोणत्या राजाच्या काळात दिला गेला ते विचारा. गणित असेल तर मोजणी कोणत्या सालापासून, ते सालच का, आणि वर्ष किती दिवसांचं धरलं, हे लिहायला सांगा. ज्याने अध्याय वाचला आहे त्याला उत्तर द्यायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

आपले विश्वासू,
जुन्या कराराच्या अभ्यासवर्गाचे शिक्षक,
अहिल्यानगर